शेतकी शिकावयास गेलेले बंगाली पदवीधर

द्विजेंद्रलाल राय यांचें नांव काढिलें म्हणजे बंगाली वाङ्मयाशीं थोडाबहुत परिचय असलेल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें 'दुर्गादास', 'मेवाड-पतन', 'शहाजहान' हीं नाटकें उभीं राहतात. ज्यांनीं त्यांचीं देशभक्तिपर व विनोदी गीतें ऐकिलीं असतील त्यांना कवि राय आठवतात. परंतु हे गृहस्थ १८८४ सालीं विलायतेस गेले ते नाट्यकला शिकण्याकरितां नव्हे, बॅरिस्टर होण्याकरितां नव्हे, किंवा त्या काळच्या हुषार तरुणांचें जें परम ध्येय त्या सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेकरितांहि नव्हे. इंग्रजी विषय घेऊन नुकताच एम्. ए. झालेला हा कृष्णनगरचा तरुण बंगाल सरकारची शिष्यवृत्ति घेऊन गेला तो शेतकी शिकावयास! आणि तो एकटाच नव्हता. त्याच्या अगोदर तीनचार वर्षांपासून दरसाल दोन बंगाली पदवीधर ह्याच कामासाठीं इंग्लंडांतील सायरेन्सेस्टर येथील रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेजांत पाठविले जात होते. ह्या मंडळींचें पुढें काय झालें, त्यांनीं काय शिकून आणलें, आणि ज्यांच्यासाठीं तें आणावयाचें त्यांच्यापर्यंत त्यांतलें किती पोंचलें, ही हकीकत आम्हांस आजहि विचार करण्याजोगी वाटते. शेतकी व ग्रामसुधारणा ह्यांच्या अभ्यासासाठीं पदवीधरांना शिष्यवृत्त्या देऊन बाहेर पाठविण्याचा जो परिपाठ पुढें आशियाखंडांत सर्वत्र पडला, त्याचा हा अगदीं आरंभींचा व बहुतेक विसरला गेलेला प्रयोग होय.

ह्या योजनेचा उगम दुष्काळांत आहे. १८६६ सालीं ओरिसांत जो दुष्काळ पडला त्यांत सुमारें दहा लाख माणसें दगावलीं. १८७६ ते १८७८ ह्या काळांत दख्खन, म्हैसूर व मद्रास इलाखा होरपळून निघाला. मध्यंतरीं १८७१ मध्यें लॉर्ड मेयो यांनीं हिंदुस्थान सरकारचें एक शेतकी खातें काढिलें होतें व त्याचे चिटणीस म्हणून अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांची नेमणूक झाली होती. काँग्रेसच्या स्थापनेमुळें पुढें ज्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तेच हे ह्यूमसाहेब. पण त्या खात्यास महसूल व व्यापार हीं दोन वजनदार भावंडें जोडून दिलेलीं होतीं, आणि अशा घरांत धाकट्याच्या पानांत काय पडतें हें सांगावयास नको. १८७९ मध्यें काटकसरीच्या सबबीखालीं खातें मोडण्यांत आलें. म्हणजे दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोंच शेतकी खातें बुडालें! पुढच्याच वर्षीं दुष्काळ-कमिशनचा अहवाल बाहेर पडला आणि प्रत्येक प्रांतांत शेतकी खातें असावें अशी शिफारस त्यानें केली. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर त्या वेळीं सर अ‍ॅशले ईडन होते. नवीं खातीं निघालीं तर त्यांना शिकलेलीं माणसें लागतील, तीं येथें मिळणार नाहींत, तेव्हां येथील पदवीधरांना विलायतेस पाठवून तयार करावें, असा हा एकंदर विचार होता.

विचार वाईट नव्हता. मात्र त्याच्या मुळाशीं जी एक समजूत होती ती ध्यानांत घेण्यासारखी आहे. वरच्या वर्गास शिकवावें, म्हणजे तें ज्ञान झिरपत झिरपत खालपर्यंत जाईल, ही सामान्य शिक्षणाच्या बाबतींत चाललेली उपपत्तिच येथें शेतकीस लावण्यांत आली होती. शेंड्यास पाणी घातलें असतां तें मुळांना पोंचतें अशी बागाइती कोणत्याहि कुणब्यानें केलेली आम्हांस माहीत नाहीं. परंतु शिक्षणखात्यांत ती फार दिवस चालली.

आतां हें सायरेन्सेस्टर म्हणजे काय ठिकाण होतें तें पाहूं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस ग्लॉस्टरशायर परगण्यांत, कॉट्सवोल्ड नांवाच्या चुनखडीच्या टेंकड्यांच्या पायथ्याशीं हें जुनें गांव आहे. मेंढ्या व लोंकर यांवर त्या टापूचें वैभव शेंकडों वर्षें पोसलें गेलें. १८४५ सालीं तेथें शेतकी कॉलेज निघालें. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील अशा तऱ्हेचें तें पहिलेंच. तेथें रसायन, वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र, गुरांचें वैद्यक, जमिनीची मोजणी आणि हिशेब, असे विषय शिकविले जात. विद्यार्थी बहुधा जमीनदारांचे अगर मोठ्या इस्टेटींचा कारभार पाहणाऱ्यांचे मुलगे. शेतावर चाले ती पद्धति त्या देशाच्या हवेस व बाजारास साजेशी, म्हणजे सलगम, बार्ली, तिपतिया गवत व गहूं यांचा फेरपालट, आणि त्यांच्या जोडीस मेंढ्या व गुरें. ह्या शाळेंत बंगालचा पदवीधर येऊन बसला. त्याच्या देशांत जमीन नद्यांच्या गाळाची. पीक मुख्यतः भाताचें व तागाचें. एकरांचीं नव्हे तर बिघ्यांचीं शेतें. पावसाळ्यांत गुडघाभर पाण्यांत चिखलणी करून आवण लावावयाचें. आणि ह्या सर्वांच्या डोक्यावर कायमच्या साऱ्याचे जमीनदार, त्यांच्याखालीं पत्तनीदार, त्यांच्याखालीं आणखी कोणी, अशी उतरंड. कॉट्सवोल्डच्या मेंढ्यांना ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

एवढ्यावरून तेथील शिक्षण अगदींच निरुपयोगी होतें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. नत्र किंवा स्फुरद हीं द्रव्यें इंग्रज नाहींत आणि बंगालीहि नाहींत. पीक जमिनींतून काय घेतें व तिला काय परत द्यावें लागतें, हें शास्त्र सलगमावर शिकलें तरी भातावर लावितां येतें. पण लावणारा चतुर हवा, आणि त्याला लावण्यास शेत व सवड मिळावयास हवी. ह्याचें उत्तम उदाहरण त्याच कॉलेजाशीं नातें असलेल्या एका माणसानें घालून दिलें. ऑगस्टस फेल्कर हे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ सायरेन्सेस्टर येथें बरींच वर्षें अध्यापक होते. त्यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस फेल्कर यांना १८८९ मध्यें हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास मुद्दाम बोलाविण्यांत आलें. त्यांचा अहवाल १८९३ मध्यें छापला गेला. हे गृहस्थ आले होते सुधारणा सुचविण्यास. पण हिंडून पाहिल्यावर त्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं, येथील शेतकरी अडाणी आहे हा समज चुकीचा असून चांगला हिंदी शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, आणि कांहीं बाबतींत त्याहून सरस आहे. उणीव त्यांना दिसली ती अकलेची नव्हे, साधनांची. शेण जाळलें जातें तें लोक मूर्ख म्हणून नव्हे, सरपण नाहीं म्हणून. तेव्हां सरपणाचीं व वैरणीचीं राखीव रानें करा, असा त्यांचा सल्ला होता. असें पाहणें हेंच खरें शास्त्र.

आतां आमच्या पदवीधरांकडे वळूं. पहिल्या तुकडींतले दोघे म्हणजे अंबिकाचरण सेन व भागलपूरचे सय्यद सखावत हुसेन. त्यांच्या पाठोपाठ गिरीशचंद्र बसू व व्योमकेश चक्रवर्ती गेले; पुढें भूपालचंद्र बसू, नित्यगोपाल मुखर्जी, द्विजेंद्रलाल राय वगैरे. सर्व चांगले शिकलेले. कांहीं तर जाण्यापूर्वीं कॉलेजांतून शिकवीत होते. हे लोक परीक्षा देऊन, पदव्या घेऊन, समुद्र ओलांडल्याबद्दल जातींतून बाहेर पडण्याचा धोका पत्करून परत आले. तो धोका कांहीं काल्पनिक नव्हता. द्विजेंद्रलालांनीं प्रायश्चित्त घेण्याचें नाकारलें तेव्हां त्यांना वाळीत टाकण्यांत आलें, आणि त्या संतापांत त्यांनीं १८८९ मध्यें 'एकघरे' म्हणजे 'वाळीत पडलेला' ह्या नांवाची एक जळजळीत पुस्तिका लिहिली. असो. परत आल्यावर त्यांना काय काम मिळालें? शेतकी खातें अजून नीट उभेंच राहिलें नव्हतें. जें उभें राहिलें तें जमिनीच्या दप्तराशीं जोडलेलें, त्यामुळें त्याचा जीव दप्तरांत. प्रयोगाचें शेत नाहीं, शिकविण्यास शाळा नाहीं. मग सरकारनें ह्या तज्ज्ञांस जी जागा हाताशीं होती ती दिली. कोणी स्टॅट्यूटरी सिव्हिल सर्व्हिसमध्यें गेले, कोणी डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले. सलगमाच्या मुळांवरील किडींची परीक्षा दिलेला माणूस आतां चोऱ्यामाऱ्यांचे व बांधकोरीचे खटले ऐकूं लागला.

सखावत हुसेन हे असेच डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले व शेवटपर्यंत त्याच नोकरींत राहिले. त्यांचें नांव आज शेतकीमुळें नव्हे तर त्यांच्या पत्नीमुळें राहिलें आहे. बेगम रुकय्या ह्या त्यांच्या पत्नी. त्यांना लिहिण्यास उत्तेजन दिलें तें सखावत साहेबांनीं, आणि मुलींच्या शाळेसाठीं दहा हजार रुपये बाजूस ठेविले तेहि त्यांनींच; त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्यें निघालेली व पुढें कलकत्त्यास नेलेली ती शाळा त्यांच्याच नांवानें चालली. रुकय्याबाईंची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ मध्यें मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकांत आली. तींत स्त्रियांचें राज्य कल्पिलें आहे, आणि त्या राज्यांत शेतें विजेच्या शक्तीनें नांगरलीं जातात व पावसाचें पाणी आकाशांतूनच वळवून घेतलें जातें. ज्याच्या घरांत ही कथा लिहिली गेली तो गृहस्थ शेतकीचा पदवीधर होता, हें आठवलें म्हणजे गंमत वाटते. सायरेन्सेस्टरच्या खर्चाचा हा हिशेब कोणत्याहि ऑडिटरला मांडतां येणार नाहीं.

व्योमकेश चक्रवर्ती यांनीं तर शेतकीबरोबर कायदाहि उरकला, आणि ते कलकत्ता हायकोर्टाचे नामांकित बॅरिस्टर झाले. १९२७ मध्यें त्यांना बंगालचें मंत्रिपदहि मिळालें. गिरीशचंद्र बसू यांची गोष्ट निराळी. ते कटक येथील कॉलेजांतील शिक्षकाची जागा सोडून विलायतेस गेले होते. परत आल्यावर ते सरकारी नोकरीच्या वाटेस गेले नाहींत. १८८५ मध्यें त्यांनीं कलकत्त्यास बंगवासी शाळा काढली व 'कृषि-गॅझेट' नांवाचें शेतकीचें पत्र सुरू केलें. शेतकीचें ज्ञान देशी भाषेंतून, देशी पिकांविषयीं द्यावें, ही त्यांची कल्पना, आणि ती ह्या सर्व मंडळींत आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. परंतु शहरांतल्या शाळेंत येणारा मुलगा यावयाचा तो परीक्षा पास होऊन कचेरींत शिरण्यासाठीं. नांगराकडे परत जाण्यासाठीं शाळेची पायरी कोण चढतो? १८८७ मध्यें शाळेचें कॉलेज झालें. तें मोठें झालें, नांवारूपास आलें, शेंकडों पदवीधर त्यांतून बाहेर पडले. मात्र तें इतर कॉलेजांसारखेंच एक कॉलेज झालें. गिरीशचंद्रांनीं वनस्पतिशास्त्रावर पाठ्यपुस्तकें लिहून आपल्या विद्येशीं इमान राखलें. १९३९ च्या आरंभीं ते वारले.

द्विजेंद्रलालांच्या नोकरींतील एक प्रसंग येथें जरा विस्तारानें सांगितला पाहिजे. त्यांना मोजणी व जमाबंदीच्या कामावर नेमण्यांत आलें होतें, आणि १८९० च्या सुमारास मेदिनीपूर जिल्ह्यांतील सुजामुठा परगण्याचें काम त्यांच्याकडे आलें. हा परगणा बरद्वानच्या राजांच्या जमीनदारींतला. नव्या मोजणींत पुष्कळ रयतांच्या शेतांचें क्षेत्र कागदावरच्यापेक्षां जास्त भरलें. जमीन जास्त भरली तेव्हां खंडहि वाढला पाहिजे, असा वहिवाटीचा न्याय. द्विजेंद्रलालांनीं तो मानला नाहीं. पूर्वींची मोजणी बरोबर होती, आणि रयतेनें मागाहून जास्त जमीन दाबली, असें सिद्ध झाल्यावांचून केवळ आंकडा फुगला म्हणून खंड चढवितां येणार नाहीं, असा त्यांनीं निर्णय दिला. जुन्या काळीं दोरीनें अगर काठीनें अदमासानें केलेली मोजणी, आणि आतां शास्त्रीय यंत्रानें केलेली. दोहोंतील फरक रयतेच्या माथीं कां मारावा? ह्या निर्णयानें वरिष्ठ रागावले. लेफ्टनंट गव्हर्नर सर चार्ल्स इलियट यांनीं स्वतः लक्ष घालून त्यांची कानउघाडणी केली. पण द्विजेंद्रलालांनीं कायद्याचा आधार दाखवून आपलें म्हणणें सोडलें नाहीं, आणि पुढें हायकोर्टाचा निकालहि त्यांच्याच मताप्रमाणें झाला. त्या भागांतील रयत त्यांना 'दयाल राय' म्हणूं लागली. आमच्या मतें सायरेन्सेस्टरच्या सर्व शिष्यांनीं मिळून बंगालच्या शेतकऱ्याचें जें प्रत्यक्ष हित केलें, त्यांत ह्या एका निकालाचा वांटा फार मोठा आहे. आणि त्यांत खतांच्या रसायनाचा कांहीं संबंध नाहीं, संबंध आहे तो मोजणीच्या सांखळीचा व मनाच्या निर्भयपणाचा.

ह्या सर्व प्रकरणावर जी टीका होत आली ती ठरीव आहे. सुशिक्षित बंगाली माणसास चिखलांत पाय घालणें आवडत नाहीं, त्याला खुर्ची हवी, म्हणून शेतकी शिकूनहि तो मॅजिस्ट्रेट झाला, असें म्हणतात. ह्यांत तथ्य मुळींच नाहीं असें नाहीं. ह्या मंडळींत नांगर धरणाऱ्या घरचा एकहि नव्हता, आणि मॅजिस्ट्रेटची जागा त्यांनीं रडत घेतली असेंहि दिसत नाहीं. उलट शेतकी खात्यांतील किरकोळ जागेपेक्षां तीच त्यांना मानाची वाटली असली पाहिजे. परंतु माणसाची आवड ही पुष्कळ अंशीं त्याच्यापुढें ज्या वाटा असतात त्यांवरून ठरते. हें पडताळून पाहावयाचें तर ह्याच दहा वर्षांत आशियाच्या दुसऱ्या टोंकास असाच एक प्रयोग चालला होता, त्याच्याशीं तुलना करून पाहावी.

जपाननें उत्तरेकडील होक्काइडो बेटाची लागवड करण्यासाठीं १८७६ मध्यें साप्पोरो येथें शेतकी कॉलेज काढलें व अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या शेतकी कॉलेजाचे अध्यक्ष विल्यम स्मिथ क्लार्क यांना तें उभें करण्यास आणलें. क्लार्क तेथें फक्त आठ-नऊ महिने राहिले. शिक्षण इंग्रजींतच चाले. तेथून १८८० मध्यें बाहेर पडलेल्या पहिल्या वर्गांतील सातो शोसुके हे अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत गेले, त्या देशांतील जमीनविषयक प्रश्नाच्या इतिहासावर प्रबंध लिहून १८८६ मध्यें डॉक्टर झाले, आणि साप्पोरोस परतून तेथेंच अध्यापक झाले. पुढें १९१८ मध्यें त्या संस्थेचें विद्यापीठ झालें तेव्हां त्याचे पहिले अध्यक्ष तेच. दुसऱ्या वर्गांतील नितोबे इनाझो यांची हकीकत तर आमच्या मुद्द्यास फारच जुळणारी आहे. ते अमेरिकेंत शिकत असतांनाच, १८८७ मध्यें, साप्पोरो कॉलेजानें त्यांना सहाध्यापक नेमलें व सरकारी खर्चानें जर्मनींत पाठविलें. तेथें हाले विद्यापीठांत जपानी जमीनधाऱ्यावर प्रबंध लिहून ते १८९१ मध्यें आपल्या जागेवर येऊन बसले. अर्थात् माणूस परत येण्याच्या अगोदर त्याची खुर्ची मांडून ठेवलेली होती, आणि ती खुर्ची कोर्टांत नव्हती. नितोब्यांचें 'बुशिदो' हें पुस्तक आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक असतें. १८९८ मध्यें त्यांनीं शेतकीच्या तत्त्वांवर जपानींत जो ग्रंथ लिहिला तो कोणास ठाऊक नाहीं.

ह्यावरून जपानचें सगळेंच सोन्याचें होतें असा अर्थ कोणी काढूं नये. होक्काइडोची लागवड झाली ती ऐनू लोकांच्या जमिनीवर, आणि तींत ते लोक आपल्याच देशांत उपरे होऊन बसले. १९०१ नंतर नितोबे तैवानांत साखरेच्या धंद्याची व्यवस्था लावण्यास गेले. त्यांच्या योजनेनें ऊंस वाढला, कारखाने वाढले, आणि ते बहुतांशीं जपानी कंपन्यांचे झाले. शेतकीचें ज्ञान कोणाच्या हातीं आहे एवढेंच पाहून चालत नाहीं. तें कोणाच्या शेतावर व कोणाच्या पदरीं घालण्यासाठीं वापरलें जातें हेंहि पाहावें लागतें. पण परत येणाऱ्या माणसास त्याच्याच विद्येचें काम दिल्यास तो तें करतो, चिखलाची शिसारी त्याच्या आड येत नाहीं, एवढें साप्पोरोवरून निश्चित सिद्ध होतें.

येथें कोणी म्हणेल, जपान स्वतंत्र होता, बंगाल परतंत्र, फरक तेवढाच. आम्हांसहि पुष्कळ दिवस असेंच वाटावें अशी स्थिति आहे. पण आमच्याकडील एक उदाहरण त्याच्या आड येतें. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनीं आपल्या पदरचे खासेराव जाधव यांना इंग्लंडांत शेतकीच्या शिक्षणास पाठविलें होतें. महाराज परके नव्हते. शेतकरी घराण्यांतून दत्तक आलेले, शिक्षणावर पाण्यासारखा पैसा ओतणारे, आणि नवी जागा निर्माण करण्यास ज्यांना कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती असे. तरी खासेराव परत आले ते महसुली अंमलदार झाले आणि सुभ्याच्या हुद्द्यापर्यंत चढले. अरविंदबाबू बडोद्यास असतां ज्यांच्या घरीं राहत ते हेच खासेराव. ह्यावरून आम्हांस असें दिसतें कीं, दोष केवळ राज्यकर्त्याच्या रंगाचा नव्हता. सारा वसूल करणें हें सरकारचें मुख्य काम, आणि पिकाची वाढ हें फावल्या वेळचें, अशी जेथें जेथें राज्याची घडी आहे तेथें तेथें हुषार माणूस महसुलाच्या खात्यांत ओढला जातो, मग तें सरकार कलकत्त्याचें असो कीं बडोद्याचें.

आणि ज्याच्या नांवानें हें सर्व चाललें होतें त्या शेतकऱ्याचा मुलगा कोठें होता? ह्याच सुमारास, १८८३ मध्यें, पुण्यास जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यांत त्यांनीं शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीपुरतें तरी शिक्षण द्यावें, प्रदर्शनें भरवावीं, नांगर हांकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसें द्यावींत, अशा सूचना केल्या आहेत. बंगालच्या शिष्यवृत्तीची योजना व ही योजना शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे दोन टोंकें दिसतात. एकींत परीक्षा सायरेन्सेस्टरला, दुसरींत नांगराच्या तासावर. दुसरी कोणी हातीं घेतली नाहीं.

तरीपण सायरेन्सेस्टरचें पाणी सर्वच वाळूंत जिरलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. अंबिकाचरण सेन यांनीं ढाका जिल्ह्याच्या शेतीवर लिहिलेला अहवाल १८८९ मध्यें प्रसिद्ध झाला. भूपालचंद्र बसू शेतकी खात्यांतच राहिले व त्यांनीं छोटा नागपुरांतील लोहारडागा जिल्ह्याच्या शेतीची पाहणी लिहिली. पिकें, जमिनीचे प्रकार, अवजारें, खतें, लागवडीचा खर्च, हें सर्व ज्या तपशिलानें अशा अहवालांत येतें तो तपशील साध्या महसुली अंमलदाराच्या लेखणींतून उतरला नसता. सर्वांत चिकाटीचे निघाले ते नित्यगोपाल मुखर्जी. बंगालच्या रेशमाच्या किड्यांवर रोग पडून तो धंदा बसत चालला होता. पाश्चरनें फ्रान्समध्यें त्या रोगावर जी तोड काढली होती, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून निरोगी अंडींच ठेवावयाचीं, ती शिकून येऊन त्यांनीं ती येथें रुजविण्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली. पुढें शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजास शेतकीचा वर्ग जोडण्यांत आला तेव्हां ते तेथें शिकवूं लागले, आणि १९०१ मध्यें त्यांचें 'हँडबुक ऑफ इंडियन अ‍ॅग्रिकल्चर' हें मोठें पुस्तक निघालें. त्यांत सलगमाला फार थोडी जागा आहे. खुद्द द्विजेंद्रलालांनींहि १९०६ मध्यें, म्हणजे ज्या वर्षीं 'दुर्गादास' निघालें त्याच वर्षीं, बंगालच्या पिकांवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. नाटककारानें आपली जुनी शिष्यवृत्ति फेडली असें म्हणा हवें तर.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९०५ मध्यें पुसा येथें मध्यवर्ती संशोधनसंस्था निघाली, प्रांतोप्रांतीं शेतकी कॉलेजें झालीं. मात्र वरच्या जागा दीर्घकाळ युरोपियनांकडेच राहिल्या. रवींद्रनाथांनीं १९०६ मध्यें आपले चिरंजीव रथींद्रनाथ यांना, ऑक्सफर्ड-केंब्रिज सोडून, अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत शेतकी शिकण्यास पाठविलें. तेथली विद्या प्रथम शिलाइदहच्या शेतावर आणि १९२२ नंतर श्रीनिकेतनांत उपयोगास आली. येथें पुन्हां तेंच दिसतें: काम तयार होतें, मग विद्या कामास आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें काम खासगी दात्यांनीं मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें. १९५३ मध्यें तिसरे जॉन डी. रॉकफेलर यांनीं न्यूयॉर्क येथें एक मंडळ स्थापिलें. १९६३ पासून तें 'अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट कौन्सिल' ह्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, आणि १९८५ मध्यें दुसऱ्या एका संस्थेंत विलीन होईपर्यंत त्यानें आशियांतील शेतकी-अर्थशास्त्राच्या व ग्रामीण समाजशास्त्राच्या अभ्यासकांना शिष्यवृत्त्या दिल्या. ह्या मंडळाचे दीर्घकाळ सूत्रधार असलेले आर्थर मोशर हे पूर्वीं अलाहाबादच्या शेतकी संस्थेचे प्रमुख होते, म्हणजे गंगाकांठचें शेत त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. मंडळानें नुसते विद्यार्थी अमेरिकेस नेले नाहींत, तर आपले अध्यापक मलाया, थायलंड, फिलिपाइन्स अशा देशांतील विद्यापीठांतून नेऊन बसविले, कीं परत येणारास तेथें बरोबरीचा कोणी भेटावा. मोशरांचें 'गेटिंग अ‍ॅग्रिकल्चर मूव्हिंग' हें छोटें पुस्तक १९६६ मध्यें निघालें. शेती पुढें सरकण्यास पांच गोष्टी अवश्य आहेत असें त्यांनीं त्यांत म्हटलें आहे: मालास बाजार, सतत सुधारणारें तंत्र, बीं-खतें-अवजारें गांवाजवळ मिळणें, शेतकऱ्यास उत्पादनाची किफायत, आणि वाहतूक. ह्या पांचांत शिक्षण नाहीं! तें त्यांनीं दुसऱ्या यादींत, गति वाढविणाऱ्या गोष्टींत, कर्जपुरवठ्याच्या पंक्तीस बसविलें आहे. ज्यानें शिष्यवृत्त्या वांटण्यांत वर्षें घालविलीं त्यानेंच हें लिहावें ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें.

त्याच १९६६ सालीं आग्नेय आशियांतील देशांच्या शिक्षणमंत्र्यांच्या संघटनेनें फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथें पदव्युत्तर शेतकी अभ्यासासाठीं एक प्रादेशिक केंद्र स्थापिलें. तेथील शेतकी कॉलेज १९०९ पासूनचें. आतां इंडोनेशियाच्या किंवा थायलंडच्या विद्यार्थ्यास भाताचा अभ्यास करण्यासाठीं मेंढ्यांच्या देशांत जाण्याचें कारण उरलें नाहीं. कॉलेजाच्या भोंवतींच भाताचीं खाचरें आहेत. त्या केंद्राच्या शिष्यवृत्त्या आजहि चालू आहेत. अध्यापनाची भाषा मात्र तेथेंहि इंग्रजीच राहिली.